रेंजअण्णा

सह्याद्रीच्या धारेपासून माणदेशाच्या माळापर्यंत कुठल्याही गावात एसटीतून उतरा. तलाठी भेटेल याची खात्री नाही, ग्रामसेवक बहुधा मीटिंगला गेलेला असेल, पण एक इसम हटकून भेटतो. पांढरा पायजमा, वर पोरानं दिलेला कसल्याशा कंपनीचा टी-शर्ट, उजवा हात डोक्याच्या वर, हातात मोबाईल, मान मागं टाकलेली आणि नजर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात. पाय मात्र चालतच असतात. शेणाचा पो चुकवायला त्याला खाली बघावं लागत नाही. नवखा माणूस शेजारी उभा राहून आपणही वर बघतो, की बाबा विमान गेलं का पाऊस आला? तसलं काही नसतं. काड्या बघणं चाललेलं असतं.

काड्या म्हणजे पडद्यावरच्या रेंजच्या उभ्या रेघा. एक काडी असली की बोलणं होतं, दोन असल्या की भांडण होतं, तीन असल्या तर सरकारी फॉर्म भरता येतो. आणि चारही काड्या ताठ उभ्या असून काहीच होत नसेल तर अण्णांना विचारायचं.

आमच्या गावात या इसमाला रेंजअण्णा म्हणतात. गाव पाटण तालुक्यात आहे आणि चारी बाजूंनी डोंगर आहे एवढंच सांगतो. नाव छापलं तर आसपासची चार गावं ‘हा आमचाच अण्णा’ म्हणून ग्रामसभा बोलावतील, आणि त्यांचंही चुकणार नाही. कारण हे एक बियाण्याचं वाण आहे, जमीन बदलली की थोडं बदलतं इतकंच. पाटण-जावळीकडं डोंगरी वाण मिळतं, जत-आटपाडीकडं माळरानी.

आमचे अण्णा पाटण आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या हातात मोबाईल आला आणि तिकिटं देता देता त्यांनी सगळ्या रूटचा रेंजनकाशा डोक्यात तयार केला. कुठल्या मोरीवर फोन लागतो, कुठल्या वळणावर तुटतो, कुठल्या फाट्यावर अडकून पडलेले मेसेज एकदम धबधब्यासारखे येतात, सगळं तोंडपाठ. निवृत्तीनंतर इतरांनी शेती बघितली, देऊळ धरलं. अण्णांनी रेंज धरली.

गावातली त्यांची ठिकाणं ठरलेली आहेत आणि प्रत्येक ठिकाणाचं काम वेगळं. पाण्याच्या टाकीला लोखंडी शिडी आहे. तिच्या पाचव्या पायरीवर व्हॉट्सअॅप उतरतं पण चढत नाही. म्हणजे आलेला निरोप वाचता येतो, उत्तर द्यायचं तर सहावी पायरी. त्यामुळं सकाळी शिडीवर दोन थर असतात, खाली वाचणारे आणि वर लिहिणारे. वरच्यानं ‘गुड मॉर्निंग’ची फुलं पाठवायला घेतली की खालचे बोंबलतात. अशा वेळी अण्णांचा जुना आवाज बाहेर पडतो, “चला, वर सरका, वर मोकळं हाय!” मारुतीच्या देवळामागच्या कट्ट्यावर नुसतं बोलणं होतं, तेही कोयनेकडं पाठ करून. पाझर तलावाच्या भरावावर व्हिडिओ कॉल होतो, मात्र दुपारी बारा ते तीन, कारण त्या वेळी बाकीचं गाव जेवून झोपलेलं असतं. आणि खरं काम, म्हणजे फोटो अपलोड, सही केलेली पीडीएफ, ऑनलाइन पैसे, हे फक्त घाटातल्या तिसऱ्या वळणावर. तिथून कऱ्हाडकडचा सपाट मुलूख दिसतो, आणि दिसतो म्हणूनच रेंज येते. मोबाईलच्या लहरी बऱ्याचशा उजेडासारख्या सरळ जातात. मध्ये डोंगर आला की त्याची सावली पडते, आणि आमचं गाव त्या सावलीत वसलेलं आहे. शिवाजी महाराजांच्या काळात अशी जागा बघून वस्ती करणाऱ्याला लोक हुशार म्हणायचे.

अण्णांच्या स्वतःच्या घरात रेंज नाही. एका खिडकीच्या तिसऱ्या गजाला दुधाची रिकामी पिशवी बांधलेली असते, त्या पिशवीत फोन ठेवला की अर्धी काडी लागते. फोन वाजला की अण्णा खिडकीला तोंड लावून, पिशवीला हात न लावता स्पीकरवर बोलतात. हात लावला की काडी जाते. त्यामुळं अण्णांच्या घरातली एकही गोष्ट गावापासून लपलेली नाही. सुनेचं माहेरी जाणं, गुडघ्याचं ऑपरेशन, बँकेतली ठेव, सगळं खिडकीतून गल्लीत येतं.

ही विद्या अण्णांना मोबाईलनं दिली असं कुणी समजू नये. 1987 साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा गावात एकच टीव्ही होता आणि अण्णा त्या वाड्याच्या पत्र्यावर होते. अॅल्युमिनियमचा अँटेना फिरवायचा आणि खालच्या पंचवीस माणसांना विचारायचं, “आलं का?” खालून “आलं, आलं… गेलं!” अण्णांनी रावणवध बघितलेला नाही. त्यांना तो ऐकून माहीत आहे. आजही कुणाच्या फोनवर चित्र फुटायला लागलं की त्यांचा हात नकळत अँटेना फिरवल्यासारखा हवेत फिरतो.

आता माळरानी वाण. अण्णांचे व्याही जत तालुक्यात असतात, अगदी कर्नाटकाच्या शिवेला. तिथं डोंगर नाही, अडथळा नाही, नजर जाईल तिथवर माळ. पण टॉवरही नजर जाईल तिथवर नाही. चढायला काही नसल्यामुळं व्याही कडब्याच्या गंजीवर चढतात. तिथं रेंज मिळते, पण पलीकडची. फोन लावला की बाई कानडीत काहीतरी सांगते. व्याही तिला मराठीत उत्तर देतात. “व्हय व्हय, कळलं, ठेव आता.” नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जतच्या 40 गावांवर दावा सांगून महाराष्ट्राला हलवून सोडलं. व्याह्यांना त्यात नवीन काही दिसलं नाही. “त्येंच्या टावरनं आमास्नी कवाच घेतलंय की,” ते म्हणाले. “सरकारला आत्ता कळलं.” दोन व्याह्यांमध्ये श्रेष्ठ कोण हा वाद लग्नापासून आहे. अण्णा म्हणतात, सपाटीवर रेंज शोधण्यात काय पुरुषार्थ? व्याही म्हणतात, डोंगरात निदान चढल्यावर सापडती तरी.

रेंज का जाते याचे अण्णांचे स्वतःचे सिद्धांत आहेत. त्यातला निम्मा भाग खरा निघतो ही त्यातली अडचण. उदाहरणार्थ ऊस. त्यांची बहीण वाळवा तालुक्यात दिली आहे. तिच्या वस्तीच्या चहूबाजूंनी ऊस. अण्णांचं म्हणणं, ऊस डोक्याच्या वर गेला की नेट मंदावतं आणि कारखान्याची तोड झाली की सुधारतं. मी हसलो होतो. पण ओली, दाट पानं लहरी शोषतात हे तंत्रज्ञही सांगतात, आणि भर पावसात बारा फुटी उसाच्या मध्यावर बसून नेट शोधणारा माणूस पाण्याच्या भिंतींतच बसलेला असतो. म्हणजे कारखान्याची टोळी वेळेवर आली नाही की बहिणीचं दुहेरी नुकसान, वजनातही घट आणि रेंजमध्येही. उलट पवनचक्क्यांचा सिद्धांत मला अजून पटलेला नाही. पाटणच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांची पाती आपली रेंज साताऱ्याकडं वारवून नेतात असं अण्णांचं ठाम मत आहे. पठारावर वारा पडला त्या दिवशी फोन लागला होता, हा त्यांचा पुरावा.

विजेबद्दल मात्र अण्णा बोलतात तेव्हा गप्प ऐकावं लागतं. कोयना प्रकल्प 1,960 मेगावॉटचा. आमच्या तालुक्याच्या पाण्यावर राज्यभर दिवे लागतात. आणि आमच्याकडं जूनच्या पहिल्या वळवात तार तुटली की टॉवरची बॅटरी थोडा वेळ दम धरते, मग जनरेटर घरघरतो, मग डिझेल संपतं. डिझेल संपल्याचं कंपनीला कळवायला फोन लागतो. तो लागत नाही, कारण डिझेल संपलेलं असतं. ही गाठ सोडवायला अण्णा दर पावसाळ्यात एसटीनं पाटणला जातात आणि तिथून फोन करतात. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिकडून एक मुलगी गोड आवाजात विचारते, “सर, आपण ज्या ठिकाणी आहात तिथं आत्ता नेटवर्क येतंय का?” अण्णा पाटणच्या स्टँडवर उभे असतात. खोटं बोलायची सवय नाही. “व्हय, येतंय,” म्हणतात. तक्रार बंद होते.

अण्णांची खरी सद्दी सुरू झाली ती सरकार मोबाईलमध्ये शिरल्यापासून. पूर्वी तलाठी चावडीत बसून पिकं लिहायचा. बांधावर कितपत यायचा हा वेगळा विषय. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आता शेतकऱ्यानं शेतात जायचं, आपल्या पिकाचा फोटो अॅपमध्ये काढायचा आणि पाठवायचा. पुढं नियम आला की फोटो गटाच्या हद्दीपासून 50 मीटरच्या आत उभं राहूनच निघाला पाहिजे. नियम चांगला आहे, त्यामुळं घरात बसून ज्वारीच्या जागी द्राक्षं लावता येत नाहीत. पण आमची भाताची खाचरं दरीत आणि रेंज तिसऱ्या वळणावर. फोटो इथं काढायचा, साठवायचा, डोंगर चढायचा आणि मग पाठवायचा, तोही ऑगस्टच्या पावसात, इरल्याखाली फोन धरून.

पहिल्या वर्षी लोक शेतातच ‘लोकेशन येत नाही’ म्हणून रडकुंडीला आले. अण्णांनी बांधावर उभं राहून व्याख्यान दिलं. “आरं, लोकेशनला टावर लागत न्हाई. ते वर उपग्रहाकडनं येतं. झाडाखालनं भाईर ये, आभाळ दिसू दे त्येला.” हे अगदी बरोबर होतं. लोकेशन आलं. त्या दिवसापासून अण्णांचा शब्द तहसीलदाराच्या वर गेला. नंतर त्यांनी आणखी सुधारणा केली. प्रत्येकानं वळणापर्यंत का चढायचं? लोकांनी शेतात फोटो काढून फोन अण्णांकडं आणून द्यायचे. अण्णा ते सगळे खताच्या पिशवीत भरून सकाळच्या एसटीनं वळणावर उतरतात, कठड्यावर बसून एकेक फोन उघडतात, पाठवतात आणि दुपारच्या गाडीनं पिशवी परत. प्रत्येक फोटो गेला की स्वतःशीच “टिंग टिंग” म्हणतात. नेट चालत नसेल तर फोननं चालत जावं, असा साधा विचार. या कामासाठी गावातल्या सगळ्यांचे पासवर्ड अण्णांच्या एका जुन्या डायरीत लिहिलेले आहेत. खासगीपणावर बोलणारे तज्ज्ञ ही डायरी बघतील तर आजारी पडतील. गावाला मात्र तिची चिंता नाही. ज्याचं भांडण खिडकीतून ऐकू येतं त्या माणसापासून लपवायचं काय?

ओटीपी हा त्यांचा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात छळणारा प्रकार. मेसेज म्हणून येणारा ओटीपी कमी रेंजमध्येही सरकत सरकत येतो, पण ज्या पानावर तो भरायचा ते पान नेटवर चालतं. त्यामुळं ओटीपी आला तेव्हा पान गेलेलं असतं आणि पान आलं तेव्हा ओटीपीचा जीव गेलेला असतो. सप्टेंबर 2025 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या बायकांना ई-केवायसी सक्तीची झाली. आधी बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. आमच्याकडचे नवरे वाशीच्या बाजारात माथाडी. म्हणजे एक ओटीपी डोंगरात यायचा, दुसरा नवी मुंबईत, आणि दोघांची भेट अण्णांच्या हातात तिसऱ्या वळणावर व्हायची.

शेजारची सून, अण्णा आणि मी असे कठड्यावर बसलो होतो. तिचा ओटीपी पटकन आला. सगळे हुरूपले. नवऱ्याला फोन लावला. तिकडं बाजारातली हमाली चाललेली, हातगाड्यांचा खडखडाट, आणि तो ओरडतोय, “एकोणऐंशी…”

“एकोणसत्तर?” सून म्हणाली.

“एकोणऐंशी गं! मग एकोणपन्नास… का एकोणसाठ हाय हे…”

“आवो, नीट बघा की! मला हितं अर्धंच ऐकू येतंय.”

अण्णांनी फोन ओढून घेतला. “ए बाबा, एकोण बंद! सुटं सुटं सांग. एकेक आकडा. तिकीट फाडल्यावानी.”

“सात… नऊ… चार…”

आणि फोन तुटला. पुन्हा लागला तेव्हा पान म्हणालं, वेळ संपली. पुन्हा दोन्ही ओटीपी, पुन्हा हातगाड्या. मध्येच एक ट्रक घाटात कण्हत आला आणि त्याच्या आवाजात शेवटचे दोन आकडे गेले. अखेर कधीतरी हिरवी खूण उमटली. सुनेनं पदर डोळ्याला लावला. अण्णांनी शांतपणे दोन बेल मारल्या. पुढं या केवायसीची मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली, तेव्हा अण्णांचा अभिप्राय असा होता, की सरकारची गाडी नेहमी लेट असते ही एकच गोष्ट आपल्याला वाचवते.

गावाचं सामाजिक जीवनही त्यांच्याच सल्ल्यानं चालतं. हल्ली मुलगी बघायला गेलं तर मुलीकडचे शेती विचारत नाहीत, पाणी विचारत नाहीत, विचारतात, “तुमच्याकडं रेंज असती का?” एका स्थळाच्या वेळी अण्णांनी पाहुण्यांची बसायची व्यवस्था घरात न करता थेट तलावाच्या भरावावर केली. “हवेशीर हाय,” म्हणाले. पाहुण्यांनी आपापले फोन काढले, काड्या भरलेल्या दिसल्या, सुपारी फुटली. नवरी लग्नानंतर वर्षभर अण्णांशी बोलत नव्हती.

यात्रेत मात्र अण्णांचाही इलाज चालत नाही. चैत्रात मुंबईकर गावी येतात, प्रत्येकाच्या खिशात दोन फोन, आणि पालखी निघाली की सगळे एकदम लाइव्ह जातात. एवढ्या माणसांना पुरेल इतकी जागा टॉवरमध्ये नसते. काड्या चार आणि नेट शून्य, हा जो प्रकार मी सुरुवातीला सांगितला, तो हाच. “गाडीत माणसं किती अन् सीटा किती?” असं अण्णा समजावतात. “पाटी चकचकीत दिसली म्हंजी बसायला मिळंल असं हाय का?” लहरींची गर्दी इतकी सोपी करून सांगणारा माणूस मला शहरात भेटलेला नाही.

अण्णांना अहंकार आहे, तो लपवत नाही. ज्यांनी त्यांना पंचायतीच्या निवडणुकीत पाडलं त्यांचे फोन पिशवीत सगळ्यात तळाशी जातात. शिडीवर ज्या पोरांनी रील बघायला घेतलं त्यांना खाली उतरवतात आणि स्वतः सहाव्या पायरीवर भजनाचा व्हिडिओ बघतात. नव्या टॉवरसाठी ग्रामसभेत सगळ्यात मोठं भाषण अण्णांचं असतं. पण मागं कंपनीची माणसं जागा बघायला आली तेव्हा अण्णा त्यांना सगळीकडं हिंडवून दुपारी चहा पाजून परत घालवून आले. जागा कुठलीच पसंत पडली नाही म्हणे. मी काही आरोप करत नाही.

त्यांच्या बोलण्यात आजोबा नेहमी येतात. 1943 ते 46 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार या पट्ट्यात चाललं. आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, शिराळा हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. ना फोन, ना तार, इंग्रजांचे पोलिस मागावर, आणि निरोप डोंगरवाटांनी माणसागणिक पुढं जायचा. अण्णांचे आजोबा असा निरोप घेऊन एका रात्रीत कुंडलपर्यंत गेले होते. (पूर्वी ते फक्त कऱ्हाडपर्यंत गेले होते. अंतर दर वर्षी वाढतं.) “आजोबानं एका रात्रीत कुंडल गाठलं,” अण्णा फोन माझ्यापुढं धरतात, “आन् ह्यो मेसेज कालपासनं एक टिक घिऊन बसलाय.”

कुंडलच्याच बाजूला कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. 2022 साली या गावानं ठरवलं, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद राहतील. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. देशभरातून पत्रकार बघायला आले. अण्णाही एका लग्नाच्या निमित्तानं जाऊन आले. सातला भोंगा झाला आणि माणसं खरोखर फोन ठेवून बसली. अण्णा थक्क झाले. त्यांना त्यातल्या संयमाचं नवल वाटलं नाही. चालू नेट माणूस आपल्या हातानं बंद करतो, याचं वाटलं. “आमच्याकडं भोंग्याचा खर्च न्हाई,” परत आल्यावर त्यांनी कट्ट्यावर सांगितलं. “सातला आपोआप हुतंय. फक्त साडेआठला परत येत न्हाई, एवढाच फरक.”

सरकारी आकडे अण्णांना मीच वाचून दाखवतो. 2004 च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला किमान 256 किलोबिट, जानेवारी 2023 पासून तीच व्याख्या 2 मेगाबिट झाली. टाकीची पाचवी पायरी यातल्या कुठल्याच व्याख्येत बसत नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्रानं देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची केबल नेण्याची योजना मंजूर केली. पुढं तिचं नाव भारतनेट झालं. आमच्या पंचायतीच्या भिंतीवरही एक डबा आहे. तो कुठल्या योजनेतला, कुणी बसवला, यात मी शिरत नाही. त्यावर एक हिरवा दिवा लुकलुकतो आणि गणपतीत त्याच्याभोवती माळ लावतात. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारनं स्टारलिंकशी उपग्रहाच्या इंटरनेटसाठी करार केल्याची बातमी आली. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव अशी नावं होती. अण्णांनी यादी दोनदा वाचायला लावली. आपला तालुका नाही म्हटल्यावर सुस्कारा सोडला. तो दुःखाचा होता की सुटकेचा, ते कळलं नाही.

एका गोष्टीवर मात्र त्यांच्याशी माझं पूर्ण एकमत आहे. 1998 साली वारणानगरच्या आसपासची कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली 70 गावं संगणकांनी जोडण्याचा ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प झाला. गावोगावी खोल्या, खोल्यांत संगणक, भाषणांत जग. काही वर्षांनी बंगळूरचे संशोधक येऊन बघतात तर शेतकरी त्या संगणकाला मोजकंच विचारत होते. ऊस किती गेला, खत किती मिळालं, बिल किती झालं. मग त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस लावून बघितला. काम भागलं, खर्च घटला. हे मी सांगितलं तेव्हा अण्णांनी मांडीवर थाप मारली. “त्येच म्हंतोय मी! तिकीट म्हंजी कागदाचा एवढासा कपटा. त्येच्यावर रथाचं चित्र कशाला?”

हे वाक्य त्यांनी स्वतःच्या पोरालाही ऐकवलं आहे. पोरगा हिंजवडीत अॅपच बनवतो. 2020 च्या टाळेबंदीत तो गावी आला आणि भरावावर गाडी लावून, गाडीत बसून, काचेवर पोतं टाकून महिनोन् महिने नोकरी केली. त्याच्या साहेबांना अजून वाटतं, की त्याच्या घरात म्हशी आहेत. अण्णांनी त्याला त्याचंच अॅप टाकीवर उघडून दाखवायला लावलं. पाचव्या पायरीवर त्यातलं एक गोल चक्र फिरत राहिलं. पोरगा ओशाळून म्हणाला, “अण्णा, आमच्या ऑफिसात हे लगेच उघडतं.”

“तुमच्या हापिसात भात लावत्यात काय?” अण्णांनी विचारलं.

म्हणून मुंबई-पुण्यात बसून शेतकऱ्यांसाठी, बहिणींसाठी, रेशनवाल्यांसाठी अॅप बनवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. अॅप बाजारात सोडण्याआधी एकदा इकडं या. ऑगस्टात या, पाऊस असताना या, आणि आपला फॉर्म पाचव्या पायरीवर उभं राहून भरून दाखवा. शिडी मजबूत आहे, जेवायची सोय अण्णांकडं. येण्याआधी फोन करत बसू नका, लागणार नाही. पोस्टकार्ड टाका. ते अजून 50 पैशांना मिळतं आणि आमच्याकडं पोचतं.